पर्यटन जहाजांचे बाह्यरूप

पर्यटन जहाजांचे बाह्यरूप : प्रवाशांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचविणे एवढाच ज्यांचा हेतू नसून प्रत्यक्ष जलविहार हेच ज्यांचे प्रयोजन असते, अशा जहाजांना पर्यटन जहाजे म्हणतात. क्रूझ जहाजे या नावानेही ती ओळखली जातात. जहाजाचा पाण्यात बुडालेला व त्यालगतचा जलाभेद्य भाग म्हणजे त्याची काया. तिच्यावर उभारलेले मजले म्हणजे अधिरचना. पुढील निमुळते टोक म्हणजे नाळ आणि मागील बाजू म्हणजे पिछाडी. यांशिवाय धुराडी, डोलकाठ्या, जीवरक्षक होड्या, सज्जे व रंगयोजना यांच्या परस्परप्रमाणातून जहाजाचे बाह्यरूप सिद्ध होते. इमारतीचे दर्शनी रूप वास्तुशिल्पज्ञ बऱ्याच अंशी स्वेच्छेने ठरवू शकतो; जहाजाच्या बाबतीत मात्र लाटा, वारा, बंदरांची खोली, कालव्यांची रुंदी, पुलांची उंची व सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय नियम ही बंधने आधी येतात. समुद्राच्या मागण्या आणि प्रवाशांच्या मागण्या यांत प्रत्येक काळी जी तडजोड झाली, तिचा इतिहास जहाजांच्या बाह्यरूपात वाचता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तडजोडीतील पारडे प्रवाशांच्या बाजूस निर्णायकपणे झुकले. आजच्या पर्यटन जहाजांचे बहुमजली, पेटीसारखे व सज्जांनी व्यापलेले रूप हे त्याचेच फलित होय.

पूर्वपीठिका : केवळ सहलीसाठी जलप्रवास ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्राच्या सहली योजिल्या होत्या. पुढे हँबुर्ग-अमेरिका या जर्मन कंपनीचा चालक आल्बेर्ट बालीन (१८५७–१९१८) याने हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरील उतारूंची संख्या घटते हे पाहून, १८९१ मध्ये ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडले. ते मुळात नियमित वाहतुकीचे जहाज होते. मुद्दाम सहलीसाठीच बांधलेले पहिले जहाज म्हणून त्याच कंपनीच्या ‘प्रिन्ट्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ (१९००) या जहाजाचा उल्लेख केला जातो. त्याची नाळ शिडाच्या वेगवान जहाजांप्रमाणे पुढे झुकलेली व डौलदार होती आणि एकंदर रूप राजेरजवाड्यांच्या विहारनौकेसारखे होते. म्हणजे पर्यटन जहाजाचा पहिला आदर्श खाजगी विहारनौका हा होता, महासागर ओलांडणारे टपालजहाज हा नव्हे. हे जहाज १९०६ मध्ये जमेकाजवळ खडकावर चढून निकामी झाले.

तथापि पुढील अर्धशतकात जहाजांच्या सौंदर्याची कल्पना निश्चित केली ती महासागरी प्रवासी जहाजांनी. वेळापत्रकाप्रमाणे, कोणत्याही ऋतूत व शक्य तितक्या वेगाने महासागर पार करणे हे त्यांचे काम असल्याने त्यांची काया लांब, अरुंद व खोल; नाळ उंच व तीक्ष्ण; आणि अधिरचना तुलनेने बुटकी व मध्यभागी एकवटलेली असे. धुराड्यांची संख्या ही सामर्थ्याची व वेगाची खूण मानली जाई. त्यामुळे गरज नसतानाही धुराडी बसविण्यात आली. ‘टायटॅनिक’ (१९१२) या जहाजाच्या चार धुराड्यांपैकी बाष्पित्रांचा धूर तिहींतूनच बाहेर पडे. चौथ्याचा उपयोग मुख्यतः वायुवीजनासाठी होता. बाह्यरूप हे जाहिरातीचे साधन असते, ही जाणीव जहाजकंपन्यांना तेव्हापासूनच होती.

मुंबई बंदराने या परंपरेचा एक महत्त्वाचा टप्पा पाहिला. लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांची काया पूर्वी काळी असे. ‘स्ट्रॅथनेव्हर’ (१९३१) व ‘स्ट्रॅथएअर्ड’ (१९३२) या जहाजांना मात्र पांढरा रंग देण्यात आला. उष्ण कटिबंधातील प्रवासात पांढरा रंग उष्णता कमी शोषतो, हे त्याचे व्यावहारिक कारण होते. परंतु बॅलार्ड पिअरला लागणाऱ्या या शुभ्र जहाजांनी पांढरा रंग व सुखाचा प्रवास यांचे साहचर्य लोकांच्या मनात रुजविले. या दोन्ही जहाजांच्या तीन धुराड्यांपैकी मधले एकच खरे होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत उरलेली दोन काढून टाकण्यात आली.

प्रवाहरेखित रूप : १९३० च्या सुमारास विमान, मोटारगाडी व आगगाडी यांच्याबरोबर जहाजांतही प्रवाहरेखित आकाराची आवड निर्माण झाली. ‘ब्रेमेन’ (१९२९) या जर्मन जहाजाची धुराडी बुटकी होती व पाण्याखाली तिच्या नाळेला कंदासारखा फुगवटा दिलेला होता. अशा फुगवट्यामुळे निर्माण होणारी लाट नाळेने उठविलेल्या लाटेचा काही अंशी लोप करते आणि पाण्याचा रोध कमी होतो. आजच्या बहुतेक पर्यटन जहाजांना असा फुगवटा असतो. रशियात जन्मलेला नौबांधणीतज्ञ व्ह्लादीमिर यूर्केव्हिच (१८८५–१९६४) याने ‘नॉर्मंडी’ (१९३५) या फ्रेंच जहाजाच्या कायेचा अभिकल्प केला. तिचा पुढील डेक कासवाच्या पाठीसारखा बाकदार असून दोरखंड, रहाटे इ. सर्व सामग्री त्याखाली झाकलेली होती. तीन धुराडी पुढून मागे उतरत्या उंचीची होती. त्यांतील तिसरे केवळ तोल साधण्यासाठी होते. सौंदर्य व जलगतिशास्त्र यांचा इतका सुरेख मेळ क्वचितच साधला गेला, असे अनेक जाणकारांचे मत आहे. हे जहाज १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात आगीत सापडून नष्ट झाले.

संक्रमणकाळ : अटलांटिक महासागरावर जेट विमानांची प्रवासी सेवा १९५८ मध्ये सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत महासागरी प्रवासी जहाजांचे प्रयोजन संपत आले. या अखेरच्या काळात बांधलेल्या जहाजांत मात्र पुढील पर्यटन जहाजांची अनेक लक्षणे दिसू लागली. ‘सदर्न क्रॉस’ (१९५५) या ब्रिटिश जहाजाची एंजिने व धुराडे प्रथमच पिछाडीस नेण्यात आली. मध्यभाग मोकळा झाल्याने प्रवाशांना सलग डेक व प्रशस्त दालने मिळाली. हॉलंडच्या ‘रॉटरडॅम’ (१९५९) जहाजाच्या मागील भागात शेजारीशेजारी दोन सडपातळ धूरनळ्या होत्या. पी अँड ओ कंपनीच्या ‘कॅनबरा’ (१९६१) या जहाजात याच विचाराचा पुढचा टप्पा गाठला गेला. त्याच्या जीवरक्षक होड्या नेहमीप्रमाणे सर्वांत वरच्या डेकवर न टांगता अधिरचनेच्या कुशीत, कित्येक फूट खाली बसविल्या होत्या. वरचा डेक त्यामुळे उन्हासाठी व खेळांसाठी मोकळा झाला. ‘फ्रान्स’ (१९६२) या सु. ३१६ मी. लांबीच्या जहाजाच्या दोन धुराड्यांना पंख होते व त्यांच्या टोकांतून धूर दोन्ही बाजूंस सोडला जाई. तो डेकवर येऊ नये हा त्यामागील उद्देश.

‘क्वीन एलिझाबेथ-२’ (१९६९) हे जहाज तर उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडणे व हिवाळ्यात सहली करणे या दुहेरी कामासाठीच योजले होते. पनामा कालव्यातून जाता यावे म्हणून त्याची रुंदी सु. ३२ मी. ठेवण्यात आली. अधिरचना ॲल्युमिनियमची केल्याने वजन घटले व एक मजला अधिक चढविता आला. बाह्यरूपाचा अभिकल्पक जेम्स गार्डनर याने पारंपरिक रंगीत धुराड्याऐवजी पांढरी सडपातळ नळी व तिच्या पायथ्याशी वारा वर वळविणारे वक्र आवरण अशी योजना केली. आरंभी त्यावर टीका झाली. पुढे हेच रूप अभिजात मानले गेले.

कॅरिबियन पर्व : आधुनिक पर्यटन व्यवसायाचा पाया १९६० नंतर अमेरिकेतील मायामी बंदरात घातला गेला. ‘सनवर्ड’ हे जहाज १९६६ मध्ये तेथून कॅरिबियन बेटांच्या नियमित सहली करू लागले. रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘साँग ऑफ नॉर्वे’ (१९७०) हे उष्ण हवामानातील सहलींसाठीच हेल्सिंकी येथे बांधलेले जहाज. त्याच्या धुराड्याला बिलगून उंचावर एक काचबंद दालन होते. सिअ‍ॅटल येथील स्पेस नीडल (१९६२) या मनोऱ्यावरून ही कल्पना सुचली. जे धुराडे आजवर केवळ यंत्राचा अवयव होते, ते आता समुद्रदर्शनाचे स्थान व कंपनीचे बोधचिन्हही झाले. प्रवाशांची संख्या वाढताच १९७८ मध्ये हे जहाज मधोमध कापून त्यात सु. २६ मी. लांबीचा नवा भाग जोडण्यात आला. रूपाची अखंडता ही आता अपरिहार्य राहिलेली नाही, हे या घटनेने सूचित केले. कार्निव्हल कंपनीच्या ‘ट्रॉपिकेल’ (१९८२) जहाजावर जो फार्कस या वास्तुशिल्पज्ञाने देवमाशाच्या शेपटीसारखे दोन पंखांचे लाल-पांढरे-निळे धुराडे योजिले. दुरून पाहताच जहाज कोणाचे हे कळावे, हा त्याचा हेतू होता व तो सफल झाला.

सज्जाचा उदय : पर्यटन जहाजांचे रूप ज्याने मुळापासून पालटले, तो घटक म्हणजे खोलीलगतचा खाजगी सज्जा होय. जुन्या जहाजांत प्रवाशांच्या खोल्या कायेत, जलरेषेजवळ असत. त्यांना फार तर गोल खिडकी असे आणि पुष्कळ खोल्यांना तीही नसे. भोजनगृहे, वाचनालये, नृत्यदालने इ. सार्वजनिक स्थाने वर असत. ‘रॉयल प्रिन्सेस’ (१९८४) या हेल्सिंकी येथे बांधलेल्या जहाजात ही रचना उलटी करण्यात आली. सार्वजनिक दालने खाली आणि खोल्या वर गेल्या. सर्व ६०० खोल्या बाहेरच्या बाजूस असून त्यांपैकी अनेकींना सज्जे होते.

या बदलाचे अर्थकारण सरळ आहे. सज्जा असलेल्या खोलीचे भाडे अधिक येते. म्हणून जास्तीत जास्त खोल्यांना बाहेरची भिंत मिळावी असा प्रयत्न होतो. अधिरचना नाळेपासून पिछाडीपर्यंत लांबते, तिच्या भिंती सरळ उभ्या राहतात आणि मजल्यावर मजले चढतात. शिवाय खोल्या कारखान्यात तयार करून जहाजात सरकविण्याची पद्धत रूढ झाल्याने सर्वांची रुंदी एकसारखी असते. दर्शनी बाजूवर दिसणारी सज्जांची एकसुरी जाळी ही अशा रीतीने उत्पादनपद्धतीची छाया होय. जुन्या जहाजाचा डेक हलक्या धनुष्याप्रमाणे दोन्ही टोकांस उचललेला असे; पूर्वरचित खोल्यांच्या रांगांना तो बाक सोयीचा नसल्याने डेक सपाट झाले. जहाजाला गती असल्याचा जो भास त्या एका वक्ररेषेने होई, तो नाहीसा झाला. त्याची भरपाई आता काळ्या काचेचे पट्टे व रंगीत रेषा यांनी करण्यात येते.

आकारवाढ : ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ (१९८८) या सॅं-नाझेर येथे बांधलेल्या जहाजाचा स्थूल टनभार ७३,१९२ होता. (स्थूल टनभार हे वजन नसून जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेले मान आहे.) ‘कार्निव्हल डेस्टिनी’ (१९९६) हे एक लाख स्थूल टनभार ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज. ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ (२००९) या फिनलंडमधील टुर्कू येथे बांधलेल्या जहाजाचा टनभार २,२५,२८२ व २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचा २,४८,६६३ आहे.

‘टायटॅनिक’शी तुलना केल्यास या वाढीची दिशा स्पष्ट होते. त्याची लांबी २६९ मी., रुंदी २८ मी. व पाण्यातील खोली सु. १०.५ मी. होती. ‘आयकॉन’ची लांबी सु. ३६५ मी., जलरेषेजवळची रुंदी ४८ मी. हून अधिक; परंतु पाण्यातील खोली सु. ९.२५ मी. म्हणजे ‘टायटॅनिक’पेक्षा कमीच आहे. मापनपद्धती भिन्न असल्या, तरी बंदिस्त घनफळ पाचपटींहून अधिक झाले, लांबी मात्र सु. एकतृतीयांशाने वाढली. पर्यटन बंदरे उथळ असल्याने जहाज खाली वाढू शकत नाही. ते रुंद व उंच होते.

एवढे उंच जहाज कलंडत कसे नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर वजनाच्या वाटणीत आहे. एंजिने, इंधन व पाण्याच्या टाक्या तळाशी असतात. वरचे मजले पातळ पोलादाचे व ॲल्युमिनियमचे असून त्यांत बहुतांशी मोकळी हवाच असते. कायेची रुंदी वाढली की स्थिरता झपाट्याने वाढते, आणि पाण्याखालील बाजूंस बसविलेले पंख डोलणे आवरतात. वाऱ्याचा दाब ही मात्र खरी अडचण आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व उंच सपाट बाजू शिडासारखी वागते. बंदरात शिरताना आडवा जोर देणारे मळसूत्री पंखे म्हणूनच अत्यावश्यक ठरतात.

यंत्रविद्येतील एका बदलानेही रूपाला मोकळीक दिली. डीझेल-विद्युत् पद्धतीत एंजिने केवळ वीज निर्माण करतात. ‘इलेशन’ (१९९८) या जहाजापासून, कायेखाली टांगलेल्या व सर्व दिशांना फिरणाऱ्या पेटीत विद्युत् चलित्र आणि पंखा बसविण्याची पद्धत पर्यटन जहाजांत आली. त्यामुळे लांब दंड, एंजिने व धुराडे यांचे जखडलेले नाते सैल झाले.

‘ओअ‍ॅसिस’मध्ये अधिरचना मधोमध उभी चिरून दोन समांतर रांगा केल्या आहेत. त्यांच्या मधल्या उघड्या चौकात हजारो रोपांचे उद्यान असून चौकाकडे तोंड केलेल्या खोल्यांनाही सज्जे आहेत. समुद्रावरील जहाजात असूनही समुद्र न दिसणारा सज्जा ही कल्पना जहाजाच्या रूपाचा प्रवास कोठवर आला आहे, हे दर्शविते. या जहाजाची जलरेषेवरील उंची सु. ७२ मी. आहे. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडताना डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखाली ६५ मी. जागा असल्याने त्याची धुराडी दुर्बिणीच्या नळीप्रमाणे आत ओढून घ्यावी लागली.

रूपनिष्ठ प्रयोग : सर्वच जहाजे एकसाची झाली असे नाही. इटलीचा विख्यात वास्तुशिल्पज्ञ रेन्झो प्यानो (१९३७– ) याने ‘क्राउन प्रिन्सेस’ (१९९०) व तिचे भावंड ‘रीगल प्रिन्सेस’ (१९९१) यांच्या बाह्यरूपाचा विचार केला. नाळेवरील वक्र घुमटाकार भाग डॉल्फिन माशाच्या मस्तकाची आठवण करून देतो. जहाजाकडे तरंगती इमारत म्हणून न पाहता सागरी प्राणी म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न होता. अनेक नावे धारण केल्यावर हेच ‘क्राउन प्रिन्सेस’ २०१९ मध्ये ‘कर्णिका’ या नावाने मुंबईहून सहली करू लागले; परंतु मालक कंपनीचा व्यवसाय बंद पडून २०२० मध्ये ते गुजरातमधील अलंग येथे मोडीत निघाले.

‘डिस्ने मॅजिक’ (१९९८) या जहाजाने दोन लाल धुराडी, गडद काया व तीक्ष्ण नाळ यांतून जुन्या महासागरी जहाजांचे स्मरण जागविले. त्यावरील जीवरक्षक होड्या नियमातील नारिंगी रंगाऐवजी पिवळ्या ठेवण्यास खास परवानगी मिळवावी लागली. हे रूप बरेचसे स्मरणरंजनात्मक होते. याउलट स्टीव्हन पेन याने अभिकल्पिलेले ‘क्वीन मेरी-२’ (२००४) हे खरोखर अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधले गेले. लांब व उंच पुढील डेक, त्यावरील लाटा फोडणारी भिंत, जाड पोलाद व सु. ३० नॉट वेग या गोष्टी तेथे शोभेच्या नाहीत. सज्जेही त्यात आहेत. मात्र त्यांतील बरेचसे कायेच्या पोलादात कोरलेल्या गवाक्षांसारखे आहेत. लाटांचा मारा टाळण्यासाठी जीवरक्षक होड्या नियमातील १५ मी. मर्यादेहून बऱ्याच उंच, सु. २५ मी. वर टांगण्याची सवलत देण्यात आली. धुराड्याची उंची मात्र न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलामुळे मर्यादित ठेवावी लागली. समुद्राची मागणी पुन्हा अग्रक्रमाने आली की जहाजाचे रूपही आपोआप बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रंगयोजनेतही वैविध्य आले. फेलिक्स ब्युटनर या रोस्टॉकच्या चित्रकाराने ‘आयडा’ (१९९६) या जर्मन जहाजाच्या नाळेवर ओठ व बाजूंवर डोळे रंगविले. २००२ च्या ‘नॉर्वेजियन डॉन’ पासून कायेवर भव्य चित्रे काढण्याची प्रथा नॉर्वेजियन कंपनीने सुरू केली. अलीकडे नाळेच्या आकारातही फेरबदल होत आहेत. ‘एमएससी वर्ल्ड युरोपा’ (२०२२) या जहाजाची नाळ शतकापूर्वीच्या जहाजांप्रमाणे जवळजवळ उभी आहे. तिने जलरोध कमी होतो व इंधन वाचते. ‘सेलेब्रिटी एज’ (२०१८) या जहाजाच्या बाजूस वरखाली सरकणारा एक नारिंगी मंच बाहेर काढलेला आहे.

रूप व सुरक्षा : बाह्यरूपातील बदल हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाला जमेकाकडे जात असताना आग लागली. ती एका सज्जात सुरू होऊन सज्जांवरील प्लॅस्टिकची आडपडदे, फरश्या व खुर्च्या यांच्या आधाराने मजल्यामागून मजला चढत गेली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. जहाजाच्या आतील भागासाठी अग्निप्रतिबंधाचे कडक नियम होते. परंतु सज्जा हा ‘बाहेरचा’ भाग असल्याने त्यांच्या कक्षेतून सुटला होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत सुधारणा होऊन १ जुलै २००८ पासून सज्जांवरील साहित्य, आगीची सूचना देणारी यंत्रणा व पाण्याचे फवारे यांविषयी बंधने लागू झाली. ज्या अवयवाने जहाजाचे रूप घडविले, त्याचा धोका लक्षात येण्यास सु. दोन दशके लागली.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जील्यो बेटाजवळ ‘कोस्ता कोंकॉर्दिया’ खडकावर आदळून कलंडले व ३२ जण मृत्यू पावले. दुर्घटनेचे कारण जहाजाची उंची हे नव्हते, तर किनाऱ्याच्या फार जवळून नेण्याचा निर्णय हे होते. तथापि कलल्यानंतर वर उचललेल्या बाजूच्या होड्या खाली सोडणे अतिशय कठीण झाले. हजारो प्रवाशांना अंधारात कललेल्या डेकवरून उतरविण्याचा प्रश्न त्यामुळे तीव्रतेने पुढे आला.

रूप व परिसर : जहाजाचे बाह्यरूप ते पाहणाऱ्यांच्याही वाट्यास येते. व्हेनिसच्या जूदेक्का कालव्यातून जाणारी जहाजे चर्चच्या घुमटांपेक्षा उंच दिसत, आणि नगराचे प्रमाणच बिघडल्याचा भास होई. २ जून २०१९ रोजी ‘एमएससी ऑपेरा’ हे जहाज तेथील धक्क्यावर व एका लहान प्रवासी नौकेवर आदळले. इटलीच्या शासनाने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० हून अधिक टनभाराच्या, १८० मी. हून लांब किंवा ३५ मी. हून उंच जहाजांना त्या मार्गाने जाण्यास बंदी केली. कालव्याची खोली किंवा पुलाची उंची यांऐवजी शहराच्या हितासाठी जहाजाच्या आकारास घातलेली ही मर्यादा इतिहासात लक्षणीय आहे. पनामा कालव्याचा अनुभव याच्या उलट आहे. जुन्या जलपाशांमुळे जहाजांची रुंदी कित्येक दशके सु. ३२.३ मी. पर्यंत रोखली गेली होती; जून २०१६ मध्ये नवे रुंद जलपाश खुले झाल्यावर ते बंधन सैलावले.

जहाजांच्या अखेरीचाही या इतिहासाशी संबंध आहे. ‘फ्रान्स’ हे जहाज १९८० मध्ये ‘नॉर्वे’ या नावाने पर्यटन जहाज झाले. १९९० मध्ये त्यावर दोन मजले चढविण्यात आले. अधिक खोल्या मिळाल्या, पण मूळची सुडौल रेषा भंगली. ‘ब्ल्यू लेडी’ या नावाने ते २००६ मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर आले. त्यातील ॲस्बेस्टसमुळे कामगारांना होणाऱ्या धोक्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००७ मध्ये मोडणीस अनुमती मिळाली. युरोपच्या गोद्यांत घडलेल्या रूपाचा शेवट भारतीय मजुरांच्या हातांनी होतो, ही वस्तुस्थिती बाह्यरूपाच्या कौतुकात विसरली जाऊ नये.

मूल्यमापन : आधुनिक पर्यटन जहाजांना ‘तरंगती उपाहारगृहे’ म्हणून हिणविण्याची रीत आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. वीस-बावीस नॉट वेगाने, वादळे टाळीत, उबदार समुद्रांत फिरणाऱ्या जहाजास ‘नॉर्मंडी’ची तीक्ष्ण नाळ अनावश्यक आहे, आणि पूर्वी खिडकीवाचून प्रवास करणाऱ्या सामान्य उताऱ्यास आज सज्जातून समुद्र दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या जहाजांचे सौंदर्य पुष्कळदा धक्क्यावरून पाहणाऱ्यासाठी होते. तळमजल्यातील उतारूस त्याचा लाभ नव्हता. मात्र खाजगी सज्जा वाढत गेला, तसतसा सर्वांना मोकळा असणारा, जहाजाभोवती फिरता येणारा लाकडी डेक आक्रसत गेला. आणि करमणुकीची साधने जहाजाच्या पोटात एकवटल्याने समुद्र ही पार्श्वभूमी उरली. जहाज समुद्रासारखे दिसावे की नगरासारखे, हा प्रश्न म्हणूनच केवळ शोभेचा राहत नाही. त्यात प्रवाशाचे समुद्राशी नाते कोणते, संकटकाळी तो सुरक्षित राहील काय आणि ज्या बंदरात जहाज उभे राहते त्या नगराचा मान राखला जातो काय, हे तीनही प्रश्न सामावलेले आहेत. ‘क्वीन मेरी-२’ सारखी अपवादात्मक जहाजे, जलरोध व इंधन यांच्या विचारातून पुन्हा बदलू लागलेली नाळ आणि व्हेनिससारख्या नगरांनी घातलेल्या मर्यादा यांवरून समुद्र व भूमी यांच्या मागण्यांना अभिकल्पात पुन्हा स्थान मिळू लागल्याचे दिसते.